कॉइलची रुंदी लॅपच्या पायापासून ठरवा

राजापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. जुनं रोल फॉर्मिंग मशीन विकत घ्यायचं चाललंय, त्यावर कॉइलमधून, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून, घरांच्या आणि शेडच्या छपराचे रंगीत पत्रे काढायचे आहेत. कॉइलवाला १२००, १२२० आणि १२५० मिमी अशा तिन्ही रुंदी देतो म्हणतो. १२००चा माल त्याच्याकडे पडून आहे, म्हणून त्यावर किलोमागे सवलत आहे. 'मला कव्हर पूर्ण एक मीटर हवं, तर कोणती कॉइल घेऊ?'

आधी जेवढं आत्ता ठामपणे सांगता येतं तेवढं सांगतो. एक मीटर कव्हर, म्हणजे बसवल्यावर एका पत्र्याने झाकलेली रुंदी, हवं असेल तर १२०० घेऊ नका, सवलत कितीही असो. १२२० की १२५०, हे मात्र मशीन पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. तुम्ही विचारताय कॉइलबद्दल, पण उत्तर दडलंय पत्र्याच्या एका कडेला. एका पत्र्यावर दुसरा पत्रा जिथे चढतो तो लॅप आणि त्या लॅपमध्ये खाली राहणाऱ्या पत्र्याची शेवटची रिब, म्हणजे पत्र्याच्या लांबीभर जाणारा उंचवटा. ही रिब दोन्ही उतारांसकट पूर्ण उतरली पाहिजे आणि तिच्यापुढे दहा-पंधरा मिमीची सपाट पट्टी उरली पाहिजे. या पट्टीला आम्ही पाय म्हणतो. मधल्या रिबा आणि पॅन, म्हणजे दोन रिबांमधला सपाट भाग, रोल बरोबर काढून देतातच. कॉइल अपुरी पडली की कमी पडतं ते या पायाला, आणि कोकणातल्या पावसात छप्पर गळतं ते इथूनच.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. मशीनचे रोल कोणत्या प्रोफाइलचे, म्हणजे पत्र्याला कोणता आकार देणारे, रिब किती उंच, रिबांमधलं अंतर किती, पॅनमध्ये बारीक रेघा आहेत का, छपराला उतार किती. जुन्या कौलारू घराच्या वाशांवर पत्रा टाकणार असाल तर उतार चांगला तीव्र मिळतो, पाणी थांबत नाही. काजूच्या कारखान्याची किंवा आंब्याच्या पॅकिंगची मोठी शेड असेल तर लोक लोखंड वाचवायला दहास एक उतार ठेवतात, म्हणजे साधारण पावणेसहा अंश. तिथे तोच लॅप फार कडक परीक्षा देतो. म्हणून खाली आकडे देतोय ते उदाहरण म्हणून घ्या, पद्धत मात्र तीच ठेवा.

हिशेब असा. समजा रिबांमधलं अंतर २०० मिमी. एक मीटर कव्हर म्हणजे अशी पाच अंतरं आणि शेवटी सहावी रिब, जी शेजारच्या पत्र्याखाली जाते. रिब खाली ६५ मिमी रुंद, माथ्यावर २५ मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार आडवा २० मिमी सरकतो. रिब २५ मिमी उंच असेल तर उताराची तिरकी लांबी शाळेतल्या पायथागोरसने काढायची: २५चा वर्ग ६२५, २०चा वर्ग ४००, बेरीज १०२५, वर्गमूळ ३२ मिमी. दोन उतार ६४, माथा २५, एका रिबला पत्रा लागला ८९ मिमी आणि तिने जागा अडवली ६५ची. प्रत्येक रिब २४ मिमी पत्रा जास्तीचा खाते.

आता बेरीज करा. पाच अंतरं, प्रत्येकी २२४, झाले ११२०. सहावी रिब ८९. एकूण १२०९. यातून चार-पाच मिमी वजा करायचे, कारण घड्या धारदार नसतात, गोलाईने वळलेला पत्रा कोपऱ्यातून थोडा जवळच्या वाटेने जातो. एका घडीला हा फरक जेमतेम ०.२ मिमी असतो, पण अशा घड्या पत्र्यात वीसच्या वर असतात. उरले साधारण १२०५. कॉइल १२२०ची असेल तर पायाला १५ मिमी मिळाले. झकास पत्रा. कॉइल १२००ची असेल तर पाय गेलाच, वर शेवटच्या उताराचे चार-पाच मिमीही गेले.

आता तीच रिब २५च्या ऐवजी २८ मिमी करा. उतार होतो ३४.४, प्रत्येक रिब खाते जवळजवळ २९ मिमी. पाच अंतरांचे ११४४, सहाव्या रिबचे ९४, मिळून १२३८. गोलाईचे पाच-सहा वजा केले तरी १२३२. ही रिब १२२०च्या कॉइलमध्ये बसतच नाही, १२५० लागते. उंची वाढली तीन मिमी आणि कॉइलची गरज वाढली सत्तावीस-अठ्ठावीस मिमी. एक मीटर कव्हरला कोणती कॉइल, या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते इथे दिसतं. दोन मशीनवाले दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोघेही आपापल्या रोलपुरते बरोबर असतील.

अजून एक चोर आहे, पॅनमधल्या बारीक रेघा. पॅन लाटेसारखा हलू नये म्हणून मोठ्या रिबांच्या मध्ये छोट्या उंचवट्यांच्या दोन रेघा काढतात. रेघ ३ मिमी उंच आणि १० मिमी रुंद धरली तर एकेक रेघ दीड-पावणेदोन मिमी पत्रा खाते. एका पॅनमध्ये दोन म्हणजे पाच पॅनमध्ये दहा, सोळा-सतरा मिमी गेले. वर जो १५ मिमीचा पाय हातात आला होता तो तेवढ्यात संपला. मशीन विकणारा प्रोफाइलचं चित्र दाखवताना रिबची उंची सांगतो, या रेघांचा उल्लेख करत नाही. त्या तुम्ही स्वतः मोजा.

पायासाठी मी एवढा आग्रह का धरतो, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरंच्या घरं उघडी पडली. कौलं उडाली, पत्रे नारळीत जाऊन अडकले, आणि पाऊस तर तोंडावर नव्हे, डोक्यावर होता. माझ्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं पत्र्यासाठी उभी. १२२०ची कॉइल संपली, नवीन यायला आठवडा-दहा दिवस लागणार होते. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे १२००ची होती. माझं मशीन १२२०चं, वरच्या उदाहरणातल्यासारख्याच प्रोफाइलचं. मला वाटलं, वीस मिमीच कमी आहेत, दोन्ही कडांना दहा-दहा कमी होतील, लॅप थोडा आखूड पडेल, लोकांच्या डोक्यावर छप्पर तर येईल. दोन दिवस तो पत्रा काढला.

दहा-बारा दिवसांनी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका वाडीतून फोन आला. गेलो. घरात म्हातारी एकटीच होती, मुलगा मुंबईला. माजघरात तिने परात, दोन टोप, घमेलं, शिवाय आंब्याच्या पेटीत प्लास्टिक घालून केलेलं भांडं, असं सगळं मांडून ठेवलेलं. मी वर पाहायच्या आधी खाली पाहिलं. भांडी एका ओळीत होती आणि दुसरी ओळ तिच्यापासून बरोबर एक मीटरवर. पत्र्याला भोक पडलं असतं तर एका जागी गळलं असतं. हे प्रत्येक लॅपखाली, प्रत्येक पर्लिनपाशी, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या आधारापाशी, ठिबकत होतं. म्हातारी एका शब्दाने बोलली नाही, 'चाय घ्या' म्हणाली. तो चहा मला जड गेला.

उघडीप मिळाल्यावर वर चढून एका लॅपचे स्क्रू काढले आणि वरचा पत्रा उचलला. खालच्या पत्र्याची शेवटची रिब पर्लिनवर टेकलीच नव्हती. बाहेरचा उतार खालपर्यंत यायच्या आधीच संपला होता, कड पर्लिनपासून तीन-साडेतीन मिमी वर लटकत होती. वीस मिमी दोन्ही कडांना वाटले गेले नव्हते. माझ्या मशीनला शिरतानाचा गाईड एकाच बाजूला पक्का आहे, कॉइल त्या बाजूला घासून आत जाते. म्हणून कमी पडलं ते सगळंच्या सगळं दुसऱ्या कडेला, म्हणजे नेमकं पायाच्या बाजूला. हे मला माहीत असायला हवं होतं, मशीन माझंच होतं.

पुढचं सगळं त्यातून ओघाने आलं. लॅपमध्ये पाणी दोन पत्र्यांच्या फटीत वर चढतं. एक तर वारा ढकलतो, दुसरं म्हणजे दोन पृष्ठभाग अगदी जवळ असले की पाणी आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. ते रिबच्या माथ्यावरून पलीकडच्या उतारावर उतरतं. ते तिथेच अडवायला खालच्या पत्र्याच्या त्या शेवटच्या उतारावर एक बारीक खाच असते. खाचेपाशी फट रुंद होते, पाण्याची ओढ तुटते आणि ते खाचेतून पन्हाळीसारखं वळचणीकडे निघून जातं. पण खाच उघडी राहायला रिब ताठ उभी राहिली पाहिजे आणि ती ताठ राहते पायाच्या आधाराने. आधार नसल्यामुळे माथ्यावरचा स्क्रू आवळताच रिब खाली बसली होती, दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटले होते आणि खाच दबून गेली होती. पाणी सरळ कडेवरून घरात.

त्या दोन दिवसांत काढलेला पत्रा सहा घरांवर गेला होता. प्रत्येक घराचा प्रत्येक लॅप उघडला, ब्यूटाइलची चिकट पट्टी घातली, लॅपवर दर दीड फुटाला एक शिवणीचा स्क्रू मारला. दोन घरांचा पत्रा बदलूनच दिला. सवलतीत मिळालेल्या कॉइलवर जे वाचलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं, पण ते मी खर्चात धरत नाही. वादळात एकदा छप्पर गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा भांडी मांडावी लागली, हे मला आजही टोचतं.

म्हणून १२००चा तुमचा लॉट मी एवढ्या ठामपणे नको म्हणतो.

आता दुसरी बाजू. हे वाचून कोणी म्हणेल, मग १२५० घेऊन टाकू, जास्त असलेलं बरं. तेही नाही. मशीन १२२०वर बेतलेलं असेल तर १२५० कित्येकदा गाईडमधून शिरणारच नाही. गाईड सरकवून शिरवली तरी जास्तीचे तीस मिमी त्याच एका कडेला जाणार. पंधरा मिमीच्या पायाचा पंचेचाळीस मिमीचा पाय होतो. त्याला रोलचा आधार नसतो, तो लाटा घेतो, वरचा पत्रा नीट बसू देत नाही आणि लॅप तोंड वासून राहतो. शेवटचे रोल त्या कडेला अरुंद असतील तर कड दुमडते किंवा रंग खरवडते. मशीन जेवढ्या रुंदीला बनलंय तेवढीच रुंदी त्याला द्यायची, दोन-तीन मिमी इकडेतिकडे ठीक.

मशीन अजून घेतलेलं नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. मला निवडायला मिळालं तर कोकणासाठी मी रिबची उंची मोठी आणि कॉइल १२५०, असं मशीन घेईन, कव्हर एक मीटरच ठेवून. उंच रिब म्हणजे लॅपवरून पाणी चढायला जास्त उंची आणि पर्लिनमध्ये थोडं जास्त अंतर चालतं. पण १२२० बाजारात सहज मिळते, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कोणत्याही दिवशी कोणत्या ना कोणत्या रंगात असते. १२५०ला तुमच्या रंगाची वाट पाहावी लागू शकते. मे महिन्यात, आगोटीच्या तोंडावर, गिऱ्हाईक दारात असताना कॉइल नाही, ही अडचण लहान नव्हे. भांडवल कमी असेल आणि मोठा साठा करून ठेवता येत नसेल तर २५ मिमी रिब आणि १२२०, हीच जोडी धरा. पॅनमधल्या रेघा उथळ असाव्यात, एवढं मात्र पाहून घ्या.

पैशाचा हिशेबही करून टाका, म्हणजे मनात राहणार नाही. कॉइल किलोवर मिळते, पत्रा फुटावर जातो. अर्धा मिमी जाडीचा १२२० रुंद पत्रा ढोबळमानाने मीटरला ४.८ किलो भरतो, १२५०चा ४.९. एका टनातून १२२०चे सुमारे २०९ मीटर निघतात, १२५०चे २०४. टनामागे पाच मीटर कमी. लोक या पाच मीटरसाठी घासाघीस करतात आणि मग एका गळतीच्या दुरुस्तीला दोन माणसं, एक टेम्पो आणि अख्खा दिवस घालवतात. रुंदीत वाचवायचं असेल तर कव्हर ताणून वाचवू नका. काही जण एक मीटरच्या प्रोफाइलला 'हजार-वीस कव्हर' म्हणून विकतात, म्हणजे लॅप ओढून बसवतात. पत्रा नवीन असताना चालतं, उन्हापावसात दोन वर्षं गेली की स्क्रू ढिले होतात आणि लॅप उघडतो.

कॉइल आली की उतरवून घ्यायच्या आधी रुंदी मोजा. स्टीलच्या टेपने, कपड्याच्या नाही. बाहेरचा वेढा वाहतुकीत दबलेला असतो, म्हणून दोन-तीन वेढे उलगडून तीन ठिकाणी मोजा. ऑर्डर देताना लिहूनच घ्या की १२२० म्हणजे कमीत कमी १२२०, वर चार-पाच मिमी चालतील, खाली एकही नाही. मिलची कॉइल बहुतेक वेळा एखाद-दोन मिमी जास्तच असते. त्रास होतो तो रुंद कॉइल चिरून केलेल्या मालात. चिरताना सुरी बोथट असली तर कडेला बोचरी कोर राहते, ती रोलवर ओरखडे पाडते. त्यातच कॉइल कॅम्बर धरते, म्हणजे सरळ न राहता तलवारीसारखी किंचित वाकते. दोन मीटरची सरळ पट्टी कडेला लावून पाहा. मधे दोन मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर मी ती कॉइल परत करतो. अशा कॉइलमध्ये पाय एका टोकाला वीस मिमी निघतो आणि दुसऱ्या टोकाला दहा. आपल्याकडे चिरलेल्या कडेला आणखी एक दोष आहे. कापलेल्या कडेवर जस्त-अॅल्युमिनियमचा थर नसतो, खाऱ्या हवेत गंज पहिल्यांदा तिथेच दिसतो.

रुंदी बरोबर असूनही कव्हर चुकतं, ते पत्र्याच्या ताकदीमुळे. छपराचा चांगला पत्रा बहुधा ५५० मेगापास्कल ताकदीचा असतो. तो घडी घातल्यावर थोडा मागे उघडतो. मऊ पत्र्यावर जुळवलेल्या मशीनमधून हा कडक पत्रा काढला की रिब किंचित पसरतात, उंची कमी होते, कव्हर पाच-सात मिमी वाढतं. गिऱ्हाइकाला वाटतं फायदा झाला. पण लॅपच्या दोन रिबा एकमेकींत नीट बसत नाहीत. म्हणून मशीन पाहायला जाताना मालकाकडचा पत्रा चालवू नका, तुम्ही जो वापरणार त्याच ताकदीचा तुकडा घेऊन जा. दहा पत्रे काढा, जमिनीवर लॅप करून शेजारी शेजारी मांडा, पहिल्याच्या कडेपासून दहाव्याच्या त्याच कडेपर्यंत मोजा आणि नऊने भागा. एका पत्र्यावर मोजलेलं कव्हर कोणालाही फसवतं.

एक मीटरच कव्हर हवं, हा आग्रहही एकदा तपासून घ्या. शेडसाठी ठीक आहे. पण आपल्याकडची कितीतरी घरं अशी आहेत जिथे टेम्पो पोचत नाही. जांभ्याच्या पाखाडीने पन्नास-साठ पायऱ्या उतरून पत्रा डोक्यावरून न्यावा लागतो. वारा असला की एक मीटरहून थोडा जास्त रुंद, अठरा फूट लांब पत्रा दोन माणसांना घेऊन फिरतो, आणि आंब्याच्या फांदीला कड लागली की वाकला. अशा वाड्यांसाठी मी १००० मिमीच्या कॉइलवर ८०० कव्हरचा पत्रा सुचवतो. हिशेब तोच: चार अंतरं २२४ची म्हणजे ८९६, शेवटची रिब ८९, गोलाईचे तीन-चार वजा, झाले ९८१-९८२. पायाला १८ उरले. लॅप जास्त येतात हे खरं, बारा मीटर लांबीच्या घराला बाराच्या जागी पंधरा पत्रे लागतात, आणि लॅपमध्ये जाणारा पत्रा तेवढाच राहिल्याने वायाही थोडा जास्त जातो. पण न वाकता वर गेलेला पत्रा वाकून गेलेल्या पत्र्यापेक्षा कधीही चांगला बसतो. ९१४ची, म्हणजे तीन फुटी कॉइलही मिळते. तिच्यात २०० अंतराची ही प्रोफाइल बसत नाही, ६०० कव्हर घेतलं तर जवळजवळ दीडशे मिमी पत्रा फुकट जातो. तिला वेगळे रोल लागतात.

लॅप कितीही चांगला काढला तरी बसवणारा उलटा बसवू शकतो, म्हणून पत्रा विकताना हेही सांगत जा. आपला पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणून आढं पूर्व-पश्चिम असेल तर पत्रा पूर्वेच्या टोकापासून लावायला घ्यायचा आणि पश्चिमेकडे सरकायचं. त्यामुळे प्रत्येक लॅपचं उघडं तोंड पूर्वेला येतं, वारा त्याच्या पाठीवरून जातो. दोन्ही पाखांवर हे साधायचं तर एका पाखीचे पत्रे उलटसुलट टोकाने लावावे लागतात. साध्या प्रोफाइलला ते चालतं. कौलाच्या आकाराचा पत्रा मात्र असा फिरवता येत नाही, त्याच्या पायऱ्या उलट्या होतील. ते मशीन घ्यायचा विचार असेल तर पाय कोणत्या बाजूला निघतो हे पाहूनच घ्या.

थराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण समुद्र जवळ आहे म्हणून दोन ओळी. भारतीय मानक १५९६१च्या जस्त-अॅल्युमिनियम पत्र्यात दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅमचा थर मागा, त्याच्या खाली जाऊ नका. जाडी किंवा थर बदलल्याने कॉइलच्या रुंदीचा हिशेब सांगण्याइतका बदलत नाही.

आता मशीन पाहायला जाल तेव्हा काय कराल ते सांगतो. सोबत कागदी मास्किंग टेप घ्या, रंगारी वापरतात ती. त्या मशीनवर निघालेला एखादा पत्रा मागा आणि त्याच्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, काटकोनात, टेप चिकटवत जा. रिबवर चढा, माथ्यावरून जा, उतरा, पॅनमधल्या प्रत्येक रेघेत बोटाने दाबून बसवा, न ताणता. दोन्ही कडांना ब्लेडने कापा. मग ती टेप हळू सोडवून सपाट लादीवर सरळ चिकटवा आणि मोजा. जो आकडा येईल तीच त्या पत्र्यासाठी वापरलेली कॉइल. मालक सांगतो तो आकडा आणि हा आकडा जुळतो का पाहा. त्यानंतर शेवटच्या रिबकडे या: बाहेरचा उतार पूर्ण आहे का, त्यावर खाच आहे का, पाय किती मिमी आहे. पत्रा सपाट फळीवर ठेवून त्या पायाखाली साधा कागद सरकवून बघा. कागद अडकला तर पाय टेकतोय. सरकन आत गेला तर का गेला ते तिथेच विचारा, आणि शिरतानाचा गाईड कोणत्या बाजूला पक्का आहे तेही बघून ठेवा.

हे चार आकडे कळवा: टेपची लांबी, रिबची उंची, पायाची रुंदी आणि दहा पत्र्यांवरून काढलेलं कव्हर. मग १२२० की १२५०, ते मी तुम्हाला मिमीत सांगतो.